अकरा सेकंद

मार्चमध्ये समुद्रावरून बर्फ वाहत येतो
आणि सेंट जॉन्सच्या बंदराच्या तोंडाशी अडकून बसतो,
असं वरच्या मजल्यावरचे लोक सांगतात.
माझ्या खोलीला खिडकी नाही.
तळघर, तीन पडदे, एक चाक रुसलेली खुर्ची
आणि भिंतीला चिकटवलेलं विद्यापीठाचं धोरण:
वर्गातील मुद्रणाविषयी, पाने चौदा.

कलम सात मला पाठ आहे.
ज्या विद्यार्थ्याची संमतीपत्रावर सही नाही
त्याचा चेहरा दिसता कामा नये,
आवाज ऐकू येता कामा नये.
कॅमेऱ्याचं तोंड फळ्याकडे, त्यामुळे चेहऱ्याचं निभतं.
आवाजाचं मला बघावं लागतं.

बुधवारचा तास. डॉ. व्हेरोनिका बर्सी.
कॉड मासा संपला त्या वर्षांचे आलेख,
रेघ वर, वर,
मग कड्यावरून पाय घसरावा तशी.
एकोणचाळिसाव्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतून प्रश्न आला.
मुलगी. उत्तरेच्या बेटांवरचा हेल, शब्दांचे शेवट गिळणारा.
यादी पाहिली. सहीच्या जागी कोरं.
कारण लिहायची सक्ती नाही.
तिनं लिहिलेलं नाही.

प्रश्न अकरा सेकंदांचा.
दोनदा ऐकला. एकदा कुठून कुठवर ते कळावं म्हणून,
दुसऱ्यांदा का, ते माझं मला.
कापला नाही, कापला की चित्र उडी मारतं.
आवाज शून्यावर आणला, बस.

आता चित्रफितीत असं दिसतं:
बाई बोलता बोलता थांबतात.
ऐकतात, कुणाचंच नाही.
खडू ठेवतात. चष्मा काढतात.
अकरा संपल्यावर आणखी सहा सेकंद जातात.
ते त्यांचे स्वतःचे, त्यांना मी हात लावला नाही.
मग म्हणतात,
"माहीत नाही.
तेव्हाही नव्हतं. आणि मोजणाऱ्यांत मी होते."

शुक्रवारी एल्रिक नोझवर्दी जिने उतरून आला.
दोन्ही कानांत यंत्रं.
त्याच्यासाठीच तर हा सारा खटाटोप, कलम दोन:
ज्यांना वर्गात ऐकू येत नाही ते मागाहून वाचतील.
त्यानं फोनवर पडद्याखालची ओळ दाखवली.
तिथं यंत्रानं लिहिलं होतं: शांतता.
"ही शांतता नव्हती," तो म्हणाला,
"सगळ्यांच्या माना मागे वळल्या होत्या.
कोणी विचारलं ते पाहिलं मी. काय विचारलं?"

वर्गातल्या चौतीस जणांनी ऐकलं होतं,
पस्तिसावा मी,
ज्याला ऐकायचा पगार मिळतो, सांगायचा नाही.
कलम दोन पहिल्या पानावर, कलम सात पाचव्या.
त्या दोघांची गाठ पडेल
असं लिहिणाऱ्याला वाटलं नसावं.
"तिलाच विचार," म्हणालो.
"तेवढी हिंमत असती
तर एवढे जिने उतरलो असतो का?"
आणि गेला. जाताना दार हळूच लावलं,
आपल्या हातून किती आवाज होतो
हे ठाऊक नसलेली माणसं लावतात तसं.

प्रश्न अजून माझ्याजवळ आहे.
जेवणाच्या डब्याशी बसलो की आठवतो.
त्यात एका आजोबांचं नाव होतं, एका होडीचं,
याहून जास्त इथंही लिहीत नाही.

पुढचा बुधवार. छताचे माइक सगळं टिपतात:
कुणाचा तरी खोकला, रेडिएटरची टकटक,
तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा कर्कश आवाज,
कोणीतरी नवं येऊन बसलं.
मग बराच वेळ, कागदावर पेन्सिल.
घाईघाईनं, मध्ये एकदा टोक मोडून, पुन्हा.
आणि मग तिचा प्रश्न, मोठ्यानं, चार सेकंद.
आधी त्याला, नंतर वर्गाला.

चार सेकंद शून्यावर आणले.
पेन्सिलीपाशी थांबलो.
चौदाही पानं पुन्हा चाळली,
पेन्सिलीच्या संमतीबद्दल अक्षर नाही.
राहू दिली.
पडद्याखाली यंत्रानं पुन्हा तेच लिहिलं होतं: शांतता.
ते खोडलं,
आणि हातानं लिहिलं:
पेन्सिल.